तारा निघाल्यावरचा रिटेनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

दात सरळ करणाऱ्या तारा काढल्यावर दात परत जागा सोडू नयेत म्हणून जे घालतात तो रिटेनर. वरच्या दातांवर पारदर्शक ट्रे आणि खालच्या सहा पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, असा जोड रोज वापरून झाल्यावर एक मत पक्कं झालं आहे. रिटेनर तोंडात असताना फारसा बिघडत नाही. त्याची वाट लागते ती तो तोंडाबाहेर असतो तेवढ्या वेळात: जेवणाच्या टेबलावर, बेसिनपाशी, बॅगेच्या तळाशी. म्हणून इथे घालण्यापेक्षा काढून ठेवण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

तो घालायचा कशासाठी, हे आधी. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारांनी दात सरकवला की हे तंतू ताणले जातात आणि त्यांची नवी जुळणी व्हायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभरही ताण धरून ठेवतात. वळलेला दात सरळ केला असेल तर तो पुन्हा फिरायला बघतो, तो बहुतेक यांच्यामुळेच. त्यामुळे बरेच डॉक्टर पहिले 3 ते 6 महिने खाणं आणि ब्रश सोडून दिवसभर, म्हणजे 20 ते 22 तास घालायला सांगतात आणि मग फक्त रात्री. काही जण सुरुवातीपासून रात्रीचाच देतात. दातांची मूळ स्थिती पाहून ते ठरतं, शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्याला लावू नये. रात्रीचा वापर कधी थांबवायचा? दात सरळ हवे आहेत तोवर थांबवायचा नाही. ज्यांनी कधी तारा लावल्याच नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटी करतात.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस लाळ जास्त सुटते आणि बोलताना 'स' घसरतो. आपल्या 'चमचा'तला च आणि 'झाड'मधला झही थोडा सैल पडतो. घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं की जीभ लवकर सरावते.

घालताना ट्रे आधी पुढच्या दातांवर टेकवायचा आणि मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटांनी दाबायचा. दात चावून 'टक्' करून बसवायची सवय लागली की तडा जातो. काढताना बोट आतल्या बाजूने, शेवटच्या दाढेपाशी घालायचं. आधी एक बाजू जराशी सैल करायची, मग दुसरी, आणि नंतरच पुढे ओढायचा. एकाच बाजूने खेचणाऱ्यांचे ट्रे दाढेच्या आतल्या कडेपासून चिरतात. ही चीर सुरुवातीला केसाएवढी असते, नुसती बघून कळत नाही. ट्यूबलाइटसमोर तिरका धरला की चकाकते. ती दिसली की डॉक्टरांना फोन करावा, कारण तडकलेल्या ट्रेची पकड सैल होत जाते.

आता मुंबईतलं बाहेरचं खाणं. हॉटेलात रिटेनर काढून पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळला की तो गेला असं समजा. पोऱ्या ताटाबरोबर उचलून नेतो आणि नंतर उष्ट्याच्या डब्यात हात घालावा लागतो. कडक प्लास्टिकची डबी कायम बॅगेच्या पुढच्या कप्प्यात हवी. पँटच्या मागच्या खिशात नको, लोकलच्या गर्दीत डबीसकट चेपतो. डबीवर फोन नंबर लिहून ठेवावा. टपरीवरचा कटिंग ट्रे घालून पिऊ नये, मग तो दोनच घोट का असेना. गरम चहाने प्लास्टिक वाकू शकतं हे एक, पण मोठं नुकसान साखरेचं आहे. गोड द्रव ट्रे आणि दात यांच्यामध्ये अडकून बसतो, लाळ तिथपर्यंत पोचत नाही आणि दात किडायला मोकळं रान मिळतं. लिंबू सरबत आणि कोल्ड्रिंकचंही तेच. ट्रे तोंडात असताना चालतं ते फक्त साधं पाणी.

ऑफिसात डबा खाल्ल्यावर ब्रश शक्य नसेल तर निदान दोन-तीन वेळा खळखळून चूळ भरावी, ट्रे नळाखाली धरावा आणि मगच घालावा. हळदीचा अंश दातांवर राहिला की पारदर्शक ट्रे पिवळा पडतो आणि तो रंग सहज निघत नाही.

धुण्याबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. पाणी गार किंवा अगदी कोमट हवं. गिझरचं हाताला चटका देणारं पाणी ट्रेचा आकार बिघडवायला पुरेसं असतं. निर्जंतुक करायचा म्हणून बाळाच्या बाटलीसारखा उकळला तर तो फेकायचाच. उन्हात खिडकीवर किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नये. टूथपेस्ट वापरू नका. तिच्यातल्या बारीक कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात, त्यात थर साचतो आणि ट्रे धुरकट होऊन वास मारायला लागतो. लहान मुलांचा मऊ ब्रश फक्त यासाठी वेगळा ठेवावा, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि आतून-बाहेरून हलक्या हाताने घासावं. आतल्या खोबणींकडे जास्त लक्ष द्यावं, थर तिथेच धरतो. सकाळी तोंडातून काढल्यावर लगेच धुतला तर हे काम मिनिटभराचं आहे. लाळ वाळली की तीच घासून निघत नाही.

पांढरा खरखरीत थर दिसला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात 15-20 मिनिटं ठेवावा, मग घासून भरपूर पाण्याने धुवावा. कवळीसाठी मिळणाऱ्या गोळ्याही चालतात, आठवड्यातून एक-दोनदा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतक्याच. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशमध्ये बुडवून ठेवला तर तपकिरी डाग पडतात. ब्लीच तर अजिबात नको.

पावसाळ्यात डबीचीच काळजी घ्यावी लागते. ओला ट्रे बंद डबीत ठेवला की इथल्या दमट हवेत दोन दिवसांत कुबट वास येतो. भोकं असलेली डबी घ्या, ट्रे झटकून ठेवा आणि डबी आठवड्याला साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. घरात कुत्रा असेल तर डबी कपाटातच. लाळेच्या वासाने कुत्री रिटेनर हमखास चावतात.

खालच्या तारेला रोज काढ-घाल नाही, पण तिच्याभोवती कीटण पटकन धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात. साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, वरून जात नाही. टोक कडक असलेला सुपरफ्लॉस किंवा प्लास्टिकचा थ्रेडर तारेखालून ओवून प्रत्येक फटीत फिरवावा लागतो. सहा महिन्यांनी स्केलिंग करून, म्हणजे डॉक्टरांकडून कीटण काढून घ्यावं. तार एका दातावरून सुटली तरी बाकीच्या दातांवर टिकून असते, म्हणून लक्षात येत नाही, आणि तेवढ्यात तो एक दात सरकतो. आठवड्यातून एकदा आरशात बघून नखाने तार चिकटवलेला प्रत्येक ठिपका चाचपावा. मरीन ड्राइव्हवरचं भाजलेलं कणीस दाणे सोडवून खावं, पेरू कापून खावा. पुढच्या दातांनी लचका तोडताना ठिपके निखळतात.

पारदर्शक ट्रेऐवजी मिळणारी तारेची प्लेट, म्हणजे हॉले रिटेनर, ही 1919 पासूनची रचना आहे आणि अजूनही चांगली आहे. ती दिसते, टाळूवर जड वाटते, पण तार आवळता येते, दुरुस्ती होते, जास्त टिकते आणि दाढा एकमेकींवर नीट बसायला मोकळ्या राहतात. झोपेत दात खाणाऱ्याने पातळ ट्रेचा हट्ट धरू नये. चावायच्या बाजूने तो काही महिन्यांत झिजून भोक पडतं.

रोज रात्री घालताना तो कसा बसतो इकडे लक्ष द्यावं. एखाद-दोन रात्री चुकल्यावर घट्ट वाटला पण पूर्ण बसला, तर काही दिवस दिवसाही घालावा. दाताचं टोक आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पोकळी दिसली आणि दाबूनही ती गेली नाही, तर जबरदस्ती न करता डॉक्टरांकडे जावं. हरवला किंवा तुटला तर त्याच दिवशी फोन करावा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये. तारा काढतानाच प्लास्टरचं मॉडेल किंवा स्कॅनची फाइल मागून घ्यावी. दात हलले नसतील तर त्यावरून नवा ट्रे पुन्हा माप न देता बनतो. खासगी क्लिनिकचा खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे जाताना जुना रिटेनर, मॉडेल आणि उपचाराचे कागद बरोबर न्यावेत.