स्विमिंग पूलचा डेक बांधताय? फळ्या ठोकण्याआधी हे वाचा

बेळगाव-खानापूर पट्ट्यात शेतवडीत घर बांधून मागच्या बाजूला छोटा स्विमिंग पूल काढणारे आता बरेच झालेत. कुणी होमस्टेसाठी काढतं, कुणी घरच्या पोराबाळांसाठी. यंदा ज्यांचं काम निघणार आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आमच्याकडे पूल बांधणारे मेस्त्री चांगले होते, पूलला आजवर गळती नाही. फसवणूक झाली ती पूलभोवतीच्या लाकडी डेकमध्ये. डेकचं काम असं असतं, की माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे ते सगळं फळ्यांच्या खाली जातं: भराव, लोखंडी सांगाडा, स्क्रू, अर्थिंगची वायर. वर दिसतं ते फक्त पॉलिश. फसवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

घर धाकट्या भावाचं, जांबोटी रस्त्याला. तो पुण्यात नोकरीला, म्हणून काम मी बघत होते. कंत्राटदार एका ओळखीच्यांच्या ओळखीचा. गोव्यात रिसॉर्टची कामं करतो म्हणाला, मोबाईलवर फोटो दाखवले. मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही सफाईनं बोलायचा. चारशे चौरस फुटांचे ४ लाख ६० हजार सांगितले. त्यात बर्मा टीकच्या (म्यानमारच्या सागवानाच्या) फळ्या, ३ एमएमच्या जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या) पाइपचा सांगाडा, ३१६ ग्रेडच्या स्टीलचे स्क्रू, खाली मुरमाचा दाबलेला भराव आणि सगळ्याला अर्थिंग. हे त्यानं लेटरहेडवर लिहून दिलं होतं, आणि आज तोच कागद आमच्या कामी येतोय. नमुना म्हणून फळीचा एक तुकडा आणि मूठभर स्क्रू आणले. तुकडा अस्सल सागवान होता. "आक्का, दुसऱ्या साइटवर दाखवायला लागतंय" म्हणून तो नमुना संध्याकाळी परत घेऊन गेला. असा नमुना परत देऊ नका. त्यावर दोघांच्या सह्या करून काम संपेपर्यंत घरात ठेवा.

अर्धे पैसे आगाऊ, माल उतरल्यावर आणखी, असं करत काम संपायच्या आत ३ लाख ९० हजार गेले. तेही फर्मच्या खात्यावर नाही, "भाच्याचा नंबर आहे" म्हणत यूपीआयनं.

जून अर्धा झाला आणि पाऊस लागला. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. काही दिवसांतच डेकचा एक कोपरा खचला. पूलच्या कडेच्या दगडांना भेगा गेल्या आणि तांबडं पाणी थेट पूलमध्ये उतरायला लागलं. स्क्रूच्या डोक्यांभोवती गंजाचे ओघळ आले. एका सकाळी वहिनीचा पाय फळी मोडून गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि घोट्याला टाके घालावे लागले.

पण मला रात्रीची झोप लागू देत नाही ते वेगळंच. पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यात, भाची पाण्यातून बाहेर येताना म्हणाली, "आत्या, शिडीला हात लावला की मुंग्या येतात." मी लगेच मेन बंद केला आणि त्याला फोन लावला. तो म्हणतो, "नवीन मोटार आहे आक्का, ओल्या हाताला असं व्हतंयच. स्टॅटिक असतंय ते." पाण्याजवळ स्टॅटिक वगैरे काही नसतं. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध खूप कमी होतो, त्यामुळं कोरड्या हाताला जाणवणारही नाही एवढ्या व्होल्टेजनंही पाण्यातल्या मुलाचा जीव जाऊ शकतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते: पूलच्या शिडीला, नळाला, डेकच्या कुठल्याही लोखंडाला जराशी जरी झिणझिण जाणवली तरी मेन बंद करा, सगळ्यांना पाण्याबाहेर काढा आणि वायरमन तपासून जाईपर्यंत कुणाला आत सोडू नका. आम्ही तसंच केलं, म्हणून पुढचं टळलं.

वायरमनने फळ्या उचकटल्या तेव्हा पंपाकडे जाणाऱ्या वायरचा जोड नुसता टेप गुंडाळून ओल्या मातीत, सांगाड्याला चिकटून पडलेला होता. ना पाइप, ना जंक्शन बॉक्स. शिडी त्याच सांगाड्याला बोल्टनं आवळलेली. अर्थिंगची हिरवी वायर मात्र वरून सगळ्यांना दिसेल अशी सुबक क्लिपा मारून आणलेली. फळ्यांच्या खाली हातभर जाऊन ती संपली होती. कशालाच जोडलेली नव्हती. अर्थिंगचा खड्डा मारलेलाच नव्हता. आणि बोर्डात "आरसीसीबी बसवलाय" म्हणून ज्याचे पैसे लावले, तो साधा एमसीबी निघाला.

हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा, कारण तो ओळखायला वायरमन लागत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपियरच्या आसपास फरक पडला की क्षणात तुटतो. त्याच्या तोंडावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. बटण नसेल तर तो आरसीसीबी नाही. दाबून वीज गेली नाही तर तो बिघडलाय किंवा जोडणी चुकीची आहे. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे घ्या आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब, कोरड्या जागी बसवा. शिडी, सांगाडा, पंपाची बॉडी, पूलच्या कडेचं सगळं लोखंड एकमेकांना आणि अर्थला जोडून घ्या, आणि ही जोडणी फळ्या बसायच्या आधी मीटर लावून स्वतःसमोर तपासून घ्या.

सांगाड्याकडे येते. ३ एमएम जीआय म्हणून जे आलं ते दीड एमएमचं साधं लोखंड, वरून चंदेरी रंग मारलेलं. हे पकडायला सोपं आहे. पाइपचं कापलेलं तोंड बघा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या पाइपला आतूनही लेप असतो. रंग फक्त बाहेरून असतो, आत काळं किंवा गंजलेलं दिसतं. जाडी कळायला वजन करा. ४० बाय ४० चा, ३ एमएमचा ६ मीटरचा पाइप साधारण २० किलो भरतो. दीड एमएमचा असेल तर जेमतेम ११. लोखंड दुकानातून वजनावरच येतं, त्यामुळं वजनकाट्याची पावती मागण्यात अवघड काही नाही. देताना जो का-कू करेल त्याचा माल उतरवूनच घेऊ नका.

आमचे स्क्रू जस्ताचा पातळ मुलामा दिलेले साधे लोखंडी होते. चांगल्या स्टीलमध्येही फरक असतो: ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मध्ये दोन-तीन टक्के असतं, आणि क्लोरीनच्या पाण्याजवळ तेच टिकतं. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण हलक्या २०२ ग्रेडलाही चुंबक फारसं धरत नाही. स्टीलच्या मोठ्या दुकानात मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबाचं द्रावण मिळतं. एक स्क्रू घेऊन जा आणि समोर तपासून घ्या.

लाकडाचं सोंग खानापूरच्या एका सुतारकाकांनी उघडं पाडलं. कापूस थिनरमध्ये बुडवून फळीवर घासला, तर सागवानी रंग सगळा कापसावर आला. फळी आडवी कापली. "अकेशिया आहे ही," म्हणाले. घाटाकडच्या बाजूला वनखात्यानं भरपूर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभळ. अकेशिया टाकाऊ लाकूड नाही, नीट वाळवलं तर फर्निचरला चालतं. पण आमच्या फळ्या ओल्याच कापून रंगवलेल्या, त्यात बाहेरचा पांढरट भाग निम्म्याहून जास्त. तो भाग पाण्यात कुजतो आणि वाळवीला आवडतो. अस्सल सागवानात सुद्धा टिकतो तो आतला तेलकट गाभा, कडेचा पांढरट भाग नाही. म्हणून फळीचं टोक बघितल्याशिवाय घेऊ नका. कंत्राटदार म्हणायचा, बर्माचे ओंडके मंगळुरू बंदरात उतरले आणि मी ते कापून आणले. म्यानमारनं गोल ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केलीय. कापलेलं लाकूड त्यानंतरही आलं, पण ताज्या ओंडक्याची गोष्ट सांगणारा खोटंच बोलत असतो. दांडेलीला वनखात्याच्या डेपोतून घेतलेल्या सागवानाची रीतसर पावती असते. तुमच्या मालाची असेल तर ती मागा.

भराव बघून तर सुतारकाकाही गप्प झाले. मुरूम होता तो वर चार बोटं. खाली पूलच्या खड्ड्यातून निघालेली माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. भराव वीतभर थरानं टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं किंवा मशिननं दाबायचा, मग पुढचा थर. हे न करता एकदम ओतला की पहिल्या पावसात बसतोच. सांगाड्याचे खांब त्या ढिल्या मातीवर नुसते टेकवले होते. डेकचा उतार पूलकडेच दिलेला. तो पूलपासून बाहेर, मीटरला दोन सेंटिमीटर तरी हवा. मेस्त्रीची लेव्हलची नळी धरून हे दोन मिनिटांत कळतं. डेक आणि कडेचा दगड यांच्यात बोटभर फट सोडून ती लवचिक सीलंटनं भरायची असते, कारण लाकडी डेक ओलाव्यानं फुगतो आणि सुकला की आकसतो. त्यानं तिथं पांढरं सिमेंट भरलं, आणि डेक जरा हलल्याबरोबर दगड तडकले. दगडही खडबडीत ठरला असताना पॉलिश केलेला लावला. ओल्या पायाला तो काचेसारखा निसरडा होतो.

फोन उचलणं बंद झाल्यावर भावानं दुसऱ्या नंबरवरून लावला. उत्तर मिळालं, "मी गोव्याचा माणूस. केस घालायची तर पणजीला घाला." सीमाभागातल्या लोकांना असं बोलून बरेच जण गप्प बसवतात. हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, म्हणून जुनी माणसं अजूनही नाही म्हणतात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. होमस्टेवाल्यांनी मात्र वकिलांना आधी विचारावं, धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवर समोरचा हरकत घेऊ शकतो.

लेटरहेडवरचा जीएसटी नंबर आम्ही पोर्टलवर टाकून बघितला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. त्याचा ३० नं सुरू होत होता, पण नाव भलत्याच धंद्याचं, आणि नोंदणी रद्द झालेली. नंबर टाकायला कसली परवानगी लागत नाही, कुणालाही बघता येतं. पैसे देण्याआधी बघा.

तक्रार बेळगावात दाखल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं मराठीत, त्याचं इंग्रजी भाषांतर वकिलांनी जोडायला लावलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्रही द्यावं लागलं. म्हणून चॅट पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. फळ्या उचकटताना आम्ही प्रत्येक थराचा फोटो काढला, अर्थिंगची तुटकी वायर आणि दोन पाइप घरात राखून ठेवले. वायरमन आणि सुतारकाका दोघांनीही बघितलेलं लेखी दिलंय.

डेक आता नव्यानं चाललाय, गावातल्याच मेस्त्रीकडे. आगाऊ रक्कम थोडी, बाकी टप्प्याटप्प्यानं. भराव दाबून झाला की बघायचं आणि द्यायचं. सांगाडा वजन करून द्यायचं. अर्थिंग मीटरवर दिसल्यावर द्यायचं. प्रत्येक वेळी झाकायच्या आधी फोटो. मेस्त्रींना यात काही गैर वाटलं नाही, उलट त्यांनीच भावाला व्हिडिओ कॉल लावून खड्डा दाखवला.

प्रकरण आयोगापुढं असल्यानं त्या माणसाचं नाव इथं लिहीत नाही. पण तो याच भागात काम धरतोय असं कानावर आलंय. तीन भाषा बोलणारा, अस्सल नमुना दाखवून परत नेणारा, दुसऱ्याच्या नंबरवर पैसे मागणारा आणि "फळ्या बसू देत, मग बघा की" म्हणणारा कुणी तुमच्या दारात आला, तर फळ्या बसू देऊ नका.