वॉटरपोलोचा राष्ट्रीय संघ: शिबिर की वर्षभराची लीग?

पुरुषांचा राष्ट्रीय वॉटरपोलो संघ घडवण्यासाठी स्पर्धेच्या तोंडावर दीर्घ शिबिर भरवावे की खेळाडूंना वर्षभर क्लबचे सामने खेळू द्यावेत, हा प्रश्न ठाण्याच्या तरणतलावावर मुलांना आणणाऱ्या पालकांनाही टाळता येणार नाही. शिबिरात दम वाढतो, डावपेच बसतात आणि खर्च आटोक्यात राहतो. मात्र ८-८ मिनिटांच्या चार सत्रांत, तळाला पाय न टेकता, प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवत पास हेरण्याची नजर सामन्यांतूनच येते. ऑलिंपिकची ९ सुवर्णपदके जिंकणाऱ्या हंगेरीचा पाया क्लबांमध्येच आहे. भारताचे आशियाई क्रीडा स्पर्धांतले सुवर्ण मात्र १९५१ चे. माझा कौल लीगला, अर्थात पोहण्याच्या बॅचमधून खोल तलावाची वेळ सुटली तर!