आंदोलकांसाठी कायद्याची एक दिवसाची कार्यशाळा : अर्जापासून जामिनापर्यंत

पुण्यातल्या वकिलांचा एक छोटा गट मोर्चे, धरणे आणि निदर्शने करणाऱ्या संघटनांसाठी एक दिवसाची कायदेविषयक कार्यशाळा घेतो. सोबत एक छापील पुस्तिका आणि खिशात मावणारे घडीचे कार्ड देतो, आणि आंदोलनाच्या दिवशी फोनवर मदतही करतो. नोंदणी संघटनांमार्फतच होते, आणि वकिलांच्या विनंतीवरून त्यांची नावे मी येथे देत नाही. आमच्या घरकामगार संघटनेतर्फे मी या कार्यशाळेला बसले, त्यानंतर त्यांची पुस्तिका आणि फोनसेवा प्रत्यक्ष वापरली. शांततेने केलेल्या आंदोलनाचा बचाव न्यायालयात उभा राहतो खरा, पण त्याचा पाया मोर्च्याच्या आधीच्या आठवड्यात, साध्या कागदांवर घातला जातो. या कार्यशाळेने आपला सगळा भर तिथे ठेवला आहे आणि हेच तिचे सर्वांत मोठे बळ आहे.

सकाळचे पहिले सत्र घोषणांचे नसून अर्जाचे असते. प्रत्येक संघटनेने पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज तिथेच बसून हाताने लिहायचा आणि मग तो सर्वांसमोर वाचला जातो. आमच्या शेजारी बसलेल्या संघटनेचा अर्ज दीड पान होता. त्यात मागण्या सविस्तर होत्या, सरकारचा निषेध जोरदार होता, पण मोर्चा कुठून निघणार, कुठे संपणार, किती माणसे येणार, किती वाजता पांगणार आणि जबाबदार व्यक्ती कोण, यांपैकी एकही गोष्ट नव्हती. वकीलबाईंनी अर्जावरचा निषेधाचा मजकूर निवेदनासाठी बाजूला काढायला लावला आणि अर्ज नऊ ओळींत बसवून दाखवला. त्यानंतर त्यांनी दुय्यम प्रत काढायला लावली आणि सांगितले की या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही आल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडायचे नाही, आणि पोच द्यायला कोणी नकार दिला तर तोच अर्ज त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने व ईमेलने पाठवायचा. परवानगी नाकारली जात असेल तर तो नकार लेखी आणि कारणांसह मागायचा, कारण तोंडी नकाराला आव्हान देणे अवघड जाते. ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर आजवर कितीतरी कार्यक्रम रद्द झाले आहेत, हे त्या सभागृहातल्या चर्चेवरून स्पष्ट दिसत होते.

याच सत्रात एक निवृत्त पोलीस अधिकारी बोलतात, आणि मला हा भाग अनपेक्षितपणे मोलाचा वाटला. गोपनीय विभागाचा कर्मचारी आधी फोन करून चौकशी करतो तेव्हा त्याला नेमके काय कळवायचे असते, रुग्णवाहिकेसाठी रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवण्याचे नियोजन अर्जातच लिहिले तर बंदोबस्ताचे स्वरूप कसे बदलते, ओळखपट्टी लावलेले स्वयंसेवक असतील तर गर्दीत घुसलेला अनोळखी माणूस लगेच कसा उठून दिसतो, हे त्यांनी अत्यंत शांतपणे समजावले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा ध्वनिप्रदूषण नियमांतला मुद्दाही त्यांनीच आठवून दिला. शिस्त ही स्वतःहून पाळली की तिचा पुरावाही होतो, हे पटवण्यासाठी त्यांनी मार्च २०१८ मधल्या शेतकऱ्यांच्या नाशिक–मुंबई लाँग मार्चचे उदाहरण घेतले. सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून आझाद मैदान गाठले होते.

कायद्याचे सत्र दुपारी येते आणि ते रटाळ होत नाही, कारण प्रत्येक कलम एखाद्या खऱ्या प्रकरणाला जोडून सांगितले जाते. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने शांततेने व शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते, पण नियमन कुठे संपते आणि बंदी कुठे सुरू होते हे ठाऊक नसते. त्यासाठी हिम्मतलाल शहा यांचा अहमदाबादचा खटला सविस्तर घेतला गेला. मुंबई पोलीस अधिनियमाखाली केलेल्या नियमाने रस्त्यावरच्या सभेची परवानगी देण्या-नाकारण्याचा बेलगाम अधिकार पोलिसांना दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये तो नियम रद्द ठरवला. हाच अधिनियम महाराष्ट्रात आजही महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे, त्यामुळे निकाल आपल्या घरचाच आहे.

त्याहून जवळचे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे आहे. जानेवारी २०२० मध्ये याच पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काढलेल्या मनाई आदेशाचा आधार घेऊन नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातल्या बेमुदत शांततामय धरण्यांना परवानगी नाकारण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. आपल्या जिल्ह्यांत सणवार, निवडणुका आणि जयंत्यांच्या निमित्ताने कलम ३७ चे आदेश एकामागून एक निघत असतात, आणि आंदोलकांना तो शब्द ऐकूनच माघारी फिरायची सवय लागलेली असते. हा आदेश मागवून वाचायचा, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि परवानगी घेऊन केलेल्या कार्यक्रमांना त्यात सूट आहे का हे पाहायचे, ही सवय लावण्यासाठी एका जुन्या आदेशाची प्रत सर्वांच्या हाती देऊन ओळीओळीने वाचून घेतली गेली. माझ्या मते संपूर्ण दिवसातला हा सर्वांत उपयोगी अर्धा तास होता.

वक्त्यांचा प्रामाणिकपणा मला विशेष भावला, कारण आंदोलकांना आवडेल तेवढेच त्यांनी सांगितले नाही. दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलने करण्यावरची सरसकट बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली, आणि दिल्लीतल्याच शाहीन बागच्या रस्त्यावरील धरण्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही असेही म्हटले. हे दोन्ही निकाल त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि रास्ता रोको करताना नेमका कोणता धोका पत्करला जातो ते लपवले नाही. तिथेच महाडचा विषय निघाला. मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो लोक जमले असताना डॉ. आंबेडकरांनी तळ्यात उतरण्याचा कार्यक्रम स्थगित केला, परिषद मात्र पार पाडली, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि खटला लढत राहिले. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. महाडची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण ती आंदोलनाच्या कायदेशीर नियोजनाचा नमुना म्हणून कोणी मांडलेली मी प्रथमच ऐकली.

अटक आणि ताब्याचे सत्र संध्याकाळी येते, आणि तोवर माणसे थकलेली असली तरी एकही जण उठला नाही. कार्यकर्ते जिला अजूनही ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात ती, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात तो लेखी इशारा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे आणि अटकही नव्हे, हे ऐकून आमच्या संघटनेतल्या दोघी बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला, कारण अशा कागदाच्या भीतीने त्या घरी बसल्या होत्या. कलम १७० खाली केवळ प्रतिबंधासाठी ताब्यात घेतलेल्या माणसाला अन्य कायदेशीर कारण नसेल तर २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, अटकेची कारणे सांगावीच लागतात, घरच्यांना कळवावे लागते, आणि अपवादात्मक परिस्थिती सोडून स्त्रियांना सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. लोकसेवकाचा आदेश मोडल्याचा गुन्हा, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम १८८ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२३, याबद्दलची माहिती तर अनेक वर्षे आंदोलनात असलेल्यांनाही नवी होती. गुन्हा नोंदवला गेला तरी न्यायालयाला त्याची दखल घेण्यासाठी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ते भागत नाही. वर्षानुवर्षे तारखांना जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आपापल्या वकिलांना विचारलेच पाहिजे.

आता पुस्तिकेविषयी. मजकूर अचूक आहे, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता उत्तम आहे, पण भाषा जड आहे. ‘प्रतिबंधात्मक कार्यवाहीच्या अनुषंगाने उद्भवणाऱ्या बाबी’ असे मथळे ज्या बाईने सातवीनंतर शाळा सोडली तिच्यासाठी लिहिलेले नाहीत, आणि आमच्या संघटनेत बहुसंख्य अशाच आहेत. कार्ड मात्र सुरेख जमले आहे. ठळक अक्षरांत, साध्या वाक्यांत, पावसात भिजणार नाही अशा कागदावर ते छापले आहे. काय सांगायचे, काय विचारायचे, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मोफत क्रमांक, एवढेच त्यावर आहे. पुस्तिकेचे पुनर्लेखन करताना कार्ड लिहिणाऱ्या व्यक्तीकडेच ते काम द्यावे.

फोनसेवेचा अनुभव संमिश्र आला. आमच्या धरण्याच्या दिवशी दुपारी फोन लगेच उचलला गेला आणि ठाण्यात बोलावलेल्या कार्यकर्त्यांसोबत कोणी जायचे, काय बरोबर न्यायचे हे नेमके सांगितले गेले. संध्याकाळी सातनंतर मात्र वारंवार फोन करूनही उत्तर मिळाले नाही, आणि ताब्यात घेतलेल्यांना सोडण्याची किंवा न सोडण्याची वेळ नेमकी तीच असते. स्वयंसेवी काम करणाऱ्या वकिलांकडून चोवीस तासांची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे हे मला मान्य आहे, पण मग कार्डावर फोनच्या वेळा छापायला हव्यात.

दोन उणिवा गंभीर आहेत. पहिली, सगळी मांडणी पोलीस आयुक्तालय असलेल्या शहराची आहे. तालुक्याच्या गावी तहसीलदार, प्रांत आणि ठाणेदार यांच्यात अर्ज कसा फिरतो याला जेमतेम काही मिनिटे मिळाली, आणि जुन्नर व भोरकडून आलेले लोक त्यामुळे खट्टू झाले. दुसरी, विद्यार्थ्यांचा विचारच नाही. महाविद्यालयाची शिस्तभंगाची नोटीस, वसतिगृहातून काढण्याची धमकी आणि पारपत्राच्या पडताळणीत दिसणारा गुन्हा, हेच त्यांचे खरे प्रश्न असतात. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावरही बोलणे धावते झाले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आलेल्या विषयाला स्वतंत्र सत्र मिळायला हवे होते.

शुल्क ऐपतीप्रमाणे आहे, असंघटित कामगारांकडून काहीच घेतले जात नाही, आणि दुपारचे जेवण साधे व चांगले असते. ज्या व्यक्तीचे नाव अर्जावर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून जाणार आहे तिने, आणि तिच्यासोबत किमान एका तरुण कार्यकर्त्याने, या कार्यशाळेला अवश्य जावे. संघटनेवर जुना गुन्हा असेल तर एफआयआरची प्रत आणि नोटिसा सोबत न्याव्यात, कारण सत्र संपल्यावर वकील थांबून प्रत्येकाचे कागद वाचतात, आणि नोंदणी करतानाच आपला तालुका कळवून ग्रामीण भागासाठी वेगळ्या सत्राची मागणी लेखी करावी.