संगीत मासिकाची मांडणी: शिस्तीची चौकट की मोडलेली चौकट?

नवे संगीत मासिक काढू पाहणाऱ्या संपादकापुढे मांडणीचे मुख्यतः दोन मार्ग असतात. ठरलेल्या स्तंभांत मजकूर बसवून वाचकाला पानांतून विनाअडथळा पुढे नेणे हा एक, आणि संगीतातील आवेश अक्षरांच्या मोडतोडीतूनच कागदावर उतरवणे हा दुसरा. दोन्हींचे ठळक नमुने अमेरिकेतील कॅलिफोर्नियातच सापडतात: १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेले ‘रोलिंग स्टोन’ आणि १९९२ साली निघालेले ‘रे गन’.

‘रोलिंग स्टोन’ने बंडखोर पिढीच्या संगीताविषयी लिहिले, पण पानांचे रूप मात्र जुन्या छपाईच्या परंपरेतून घेतले. जाड आणि बारीक अशा जोडरेषांची चौकट ही त्याची ओळख ठरली, आणि १९८७ मध्ये कलाविभागाची सूत्रे हाती घेतलेल्या फ्रेड वुडवर्ड यांनी ती पुन्हा वापरात आणली. त्यांच्या काळातील मुख्य लेखांची सुरुवात बारकाईने पाहण्याजोगी आहे. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एकावर कलावंताचे पानभर छायाचित्र असे आणि दुसऱ्यावर केवळ अक्षरांनी उभारलेली रचना, ज्यात मथळ्याचा आकार, अक्षरांचे वळण आणि भोवतीची कोरी जागा त्या कलावंताचा स्वभाव सांगत असत. पान उलटले की मजकूर पुन्हा वाचनीय स्तंभांत येई. वाचकाला थांबवायचे कुठे आणि वाचू द्यायचे कुठे, याची इतकी स्पष्ट जाण मला फार थोड्या मासिकांत दिसते.

‘रे गन’चे कला-संचालक डेव्हिड कार्सन यांनी हा भेदच पुसून टाकला. मथळे कापले गेले, ओळी एकमेकींवर चढल्या, स्तंभ एकमेकांत घुसले. १९९४ मध्ये ब्रिटिश गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत नीरस वाटल्याने कार्सन यांनी ती ‘झाफ डिंगबॅट्स’ या केवळ चिन्हांच्या टंकात छापली, आणि वाचता येईल असा मजकूर त्याच अंकाच्या शेवटी दिला. तरुण वाचकाला अंक जपून ठेवावासा वाटावा, असे सामर्थ्य या पानांत निश्चित होते. तथापि ज्याला संगीतकाराचे म्हणणे जाणून घ्यायचे आहे, त्याची ही मांडणी अडवणूक करते, आणि कार्सन यांच्याइतकी नजर नसलेल्या हातात तिचा केवळ गोंधळ उरतो.



मुखपृष्ठाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. २२ जानेवारी १९८१ च्या ‘रोलिंग स्टोन’वर ॲनी लीबोविट्झ यांनी ‘बीटल्स’चे गायक जॉन लेनन यांच्या हत्येच्याच दिवशी टिपलेले लेनन आणि त्यांच्या पत्नी योको ओनो यांचे छायाचित्र होते, त्यावर लेखांचे मथळे नव्हते, कारण त्यांची गरजच नव्हती. नव्या मासिकाने हे अनुकरण टाळावे. विक्रीच्या मांडणीत अंक एकमेकांवर अर्धवट झाकले जातात, म्हणून नाव वरच्या भागात ठसठशीत असावे आणि आतील दोन-तीन कलावंतांची नावे दिसणाऱ्या कडेला यावीत. अंक वर्गणीदारांच्या घरीच जाणार असेल, तर छायाचित्राला मोकळे सोडता येते.

दीर्घ मुलाखती आणि समीक्षा हा ज्या मासिकाचा कणा असेल, त्याने माझ्या मते निःसंकोच पहिला मार्ग घ्यावा आणि प्रयोगाची हौस मुख्य लेखाच्या पहिल्या दोन पानांवर भागवावी. मजकूर कमी आणि दृश्य अनुभव प्रधान असेल, तरच दुसरा मार्ग पेलतो. त्या वेळीही नव्या अल्बमच्या समीक्षांचे विभाग दर अंकात त्याच जागी, त्याच स्तंभांत ठेवावेत, कारण तेथे वाचक विशिष्ट नाव शोधत येतो आणि ते त्याला पटकन सापडले पाहिजे.