जखमांचा हिशेब ठेवावा कुठे?

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या रोलप्लेइंग खेळात नवं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) सुरू करताना जग कुठलं, सिस्टीम म्हणजे नियमांचा संच कुठला, पात्रं कोण कोण यावर भरपूर काथ्याकूट होतो. पात्राला घाव बसला की कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, नेमकं काय लिहायचं, हा विषय मात्र तिसऱ्या-चौथ्या सेशनला कुणी तरी पहिल्यांदा कोसळलं की निघतो. तोवर सिस्टीम ठरलेली असते आणि जे असेल ते गोड मानून घ्यावं लागतं. आधीच विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. यातले बहुतेक प्रकार मी जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणूनही चालवलेत आणि खेळाडू म्हणूनही भोगलेत.

आकड्यापासून सुरुवात करू. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हापासून हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसेल याचा आकडा, आहेत आणि अजून त्यांना कुणी हटवू शकलेलं नाही, ते उगीच नाही. सहा गोब्लिन एकदम अंगावर आले की एकच वजाबाकी करायची आणि पुढच्याचा टर्न. वेगाच्या बाबतीत याला तोड नाही. तक्रार जुनीच आहे: चाळीसपैकी एक पॉइंट उरलेला फायटर चाळीस असलेल्या फायटरइतक्याच जोमाने लढतो. १९७९च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्येच स्पष्ट केलं होतं की हिट पॉइंट म्हणजे नुसतं मांस आणि रक्त नव्हे, त्यात नशीब आणि कसबही धरलेलं आहे. तात्त्विकदृष्ट्या ते पटतं. पण २०१४च्या पाचव्या आवृत्तीत एक लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की सगळे हिट पॉइंट परत. रात्री ड्रॅगनच्या जबड्यातून ओढून काढलेला माणूस सकाळी टुणटुणीत! ज्यांना लढायांची मालिका हवी आहे, त्यांना हेच हवं असतं आणि त्यात गैर काही नाही. जखमेला गोष्टीत काही वजन हवं असेल तर मात्र इथे ते मिळत नाही.

यावर पहिला उतारा म्हणून शरीराचे भाग पाडण्यात आले. १९७८च्या रूनक्वेस्टमध्ये घाव कुठे बसला यासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात आणि डोकं, छाती, पोट, दोन हात, दोन पाय यांचे हिट पॉइंट वेगवेगळे असतात. तलवारीचा हात निकामी झाला तर झाला. दोघांचं द्वंद्व असेल तर याच्यासारखी मजा दुसरी नाही. दहा शत्रू आले की जीएमला सत्तर आकडे सांभाळावे लागतात, आणि मी ते पुन्हा करणार नाही.

कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीने मधली वाट काढली आहे, आणि ती मला बरीच शहाणपणाची वाटते. हिट पॉइंट आहेतच, पण एकाच फटक्यात कमाल हिट पॉइंटांच्या निम्मे किंवा जास्त गेले तर ती मेजर वूंड. पात्र खाली पडतं, शुद्धीवर राहायला कॉन्स्टिट्यूशनचा म्हणजे काटकपणाचा रोल (फासा टाकून चाचणी) करावा लागतो, आणि बरं होणं दिवसांऐवजी आठवड्यांवर जातं. बारीकसारीक खरचटणं आणि खरी जखम यांत एकच रेघ ओढलेली आहे. हिशेब वाढत नाही, पण भीती वाढते.

आता ज्या प्रकाराने माझं डोकं फिरवलं, त्याकडे येतो. जखमेबरोबर फाशांच्या रोलला उणे लावणाऱ्या सिस्टीम. व्हॅम्पायरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जखमांची सात पायऱ्यांची शिडी असते. वरची पायरी फुकट, पुढे एक, एक, दोन, दोन, आणि मग एकदम पाच फासे कमी, त्याखाली कारभार आटोपला. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये तीन जखमा, प्रत्येकीला उणे एक. कागदावर हे अगदी वास्तव वाटतं: लागलं की माणूस मंदावतो. यावर नेहमीचा आक्षेप असा, की एकदा मागे पडलेला आणखी मागे पडत जातो. तो खरा आहे, पण मला त्याचं फारसं वावडं नाही. लढाई हरत चाललोय हे लवकर कळणं बरंच.

माझा वैताग वेगळाच आहे. ते उणे कुणाच्या लक्षात राहत नाही.

असं होतं बघा. दोन जखमा झालेली चोरटी किल्ल्याची भिंत चढायला जाते. चार हवे असतात, फाशावर पाच पडतात, सगळे आनंदाने ओरडतात. ती वर पोचते, दोर सोडते, बाकीचे दोघे चढतात, पहारेकऱ्याचं तोंड दाबून झालेलं असतं, आणि मग टेबलाच्या टोकाला बसलेला एक प्रामाणिक जीव विचारतो, ‘ए, दोन उणे धरलेस का?’ नसतातच धरलेले. आता काय करायचं? सगळ्यांना भिंतीवरून खाली उतरवायचं, की जाऊ दे म्हणायचं? जाऊ दे म्हटलं तर मागच्या वेळी ज्याचा रोल याच कारणाने बाद झाला होता तो तोंड फुगवतो. मी रंगीत टोकन ठेवून पाहिली, शीटला क्लिप लावून पाहिली. टोकन फाशांत मिसळतात, क्लिप पानाखाली जाते. शेवटी जीएमनेच प्रत्येक रोलला ‘जखमा धरल्यास?’ विचारायचं, म्हणजे गोष्ट सांगायची सोडून कारकुनी करायची.

यात खेळाडू लबाड आहेत असं अजिबात नाही. मुळात रचनाच अशी आहे की ज्याचं नुकसान होणार, त्यानेच ते आठवणीने करून घ्यायचं. कोण आठवणार?

हे एकदा ध्यानात आलं की फेट या खेळातली जखम पाहून बरं वाटतं. तिथे जखम म्हणजे वाक्य: ‘खांदा निखळला’, ‘डाव्या डोळ्यावर रक्त’. सौम्य, मध्यम आणि गंभीर कॉन्सिक्वेन्स (अशी वाक्यं) अनुक्रमे दोन, चार आणि सहा शिफ्टचा (हे माराचं माप) मार झेलतात. कायमचं उणे काही नाही. पण समोरचा त्या वाक्याचा एकदा फुकटात फायदा घेऊ शकतो, नंतर फेट पॉइंट (या खेळातलं चलन) मोजून. म्हणजे जखम लक्षात ठेवायचं काम ज्याचा फायदा आहे त्याच्याकडे गेलं, आणि फायदा कुणी विसरत नाही. एकच अडचण: फेट पॉइंटांची देवाणघेवाण ज्या टेबलावर जमत नाही, तिथे ही वाक्यं नुसती शोभेला उरतात. काही खेळाडूंना स्वतःच्या पात्राकडे असं बाहेरून बघणंच आवडत नाही, त्यांना जबरदस्ती करू नये.

ब्लेड्स इन द डार्कमध्येही हार्म, म्हणजे इजा, शब्दांत लिहितात, वर पातळीप्रमाणे परिणाम: पहिलीला इफेक्ट (कृतीचा प्रभाव) कमी, दुसरीला एक फासा कमी, तिसरीला मदतीशिवाय किंवा स्वतःवर जादा ताण घेतल्याशिवाय काही करता येत नाही. फासा विसरायचा धोका इथेही आहे, पण शीटवर ‘मुरगळलेला घोटा’ लिहिलेलं दिसलं की निदान डोळा अडखळतो. मुरगळलेल्या घोट्याने कुलूप उघडायला काय अडतं यावर वाद होतात, तेवढे चालतात. बरं व्हायला डाउनटाइममधल्या (दोन मोहिमांमधल्या मोकळ्या वेळातल्या) मोजक्याच संधींपैकी एक खर्च करावी लागते, हे मात्र झकास. जखमेची खरी किंमत तिथे कळते.

आणि मग मॉसरिटर. उंदरांचा खेळ म्हणून आमच्यातल्या काहींनी आधी नाकं मुरडली होती. प्रत्येक उंदराकडे सामानाचे दहा चौकोन: दोन पंजांचे, दोन अंगावरचे, सहा पाठपिशवीचे. प्रत्येक वस्तू म्हणजे कापून ठेवलेलं एक कार्ड, आणि जखमी होणं, दमणं, घाबरणं हीसुद्धा कार्डंच, तीही याच चौकोनांत. जखमी झालात की टॉर्च ठेवायची की दोर, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं, कारण जागाच नाही. कुणी आठवण करून द्यायला नको. विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाही. कार्ड कशाने उतरतं तेही त्याच्यावरच छापलेलं असतं. त्यावर सेव्हचा, म्हणजे संकटातून वाचायच्या रोलचा, तोटाही लिहिलेला असतो, तो आम्ही अधूनमधून विसरतो, पण चौकोन अडलाय तो अडलेलाच.

अर्थात ज्या खेळात सामानाला किंमत नाही, तिथे हे फोल आहे. सुपरहीरोंना टॉर्च संपण्याची काय पर्वा? आणि ऑनलाइन टेबलावर खेळत असाल, जिथे सॉफ्टवेअर उणे आपलं आपण धरतं, तर माझी निम्मी तक्रार उरतच नाही. मग सॅव्हेज वर्ल्ड्स बिनधास्त घ्या, खेळ छानच आहे. पण समोरासमोर, कागद-पेन्सिलीने, गुहा-भुयारांत फिरणारं कॅम्पेन असेल तर माझं मत चौकोनांच्या बाजूने झुकतं, हे एव्हाना लक्षात आलंच असेल.

ग्रुप डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती सोडायला तयार नसेल तरी हे जोडता येतं. वजनाचा हिशेब नाहीतरी कुणी ठेवत नाही; त्याऐवजी स्ट्रेंग्थच्या आकड्याइतके चौकोन द्या. शून्यावर जाऊन परत उठलेल्याचा एक चौकोन जखमेने भरा, तिला नाव द्या, आणि लाँग रेस्टने ती जाणार नाही, आठवडाभर मुक्काम केल्यावरच जाईल असं आधीच सांगून ठेवा. क्लेरिक (जखमा बऱ्या करणारं पुजारी पात्र) कुरकुर करेल; त्याला लेसर रिस्टोरेशन या मंत्राची सूट दिली की गप्प बसतो. बॅग ऑफ होल्डिंग ही जादूची पिशवी हाती लागली की मंडळी सगळं सामान तिच्यात कोंबून मोकळी होतात, म्हणून जखमेचे चौकोन अंगावरच्या शस्त्रं-चिलखताच्या जागेतूनच कापायचे, हाही नियम पहिल्याच सेशनला ठरवून टाका.