पेंटागोनाइट म्हणून ५७,३०० रुपयांना चिकटवलेला दगड विकला. वाघोलीचा निळा पीस घेणाऱ्यांनी वाचा

पुण्याजवळच्या वाघोलीचं पेंटागोनाइट, म्हणजे फार थोडं मिळणारं निळं खनिज, देतो असं सांगून एका माणसाने माझ्याकडून ५७,३०० रुपये घेतले आणि हातात ठेवला कॅव्हनसाइट या तशाच निळ्या पण स्वस्त खनिजाचे तुकडे गोंदाने चिकटवलेला, स्टिलबाइट या फिकट खनिजाचा दगड. टोकन ६,५००, मग ३०,०००, मग १८,०००, आणि वर सर्टिफिकेटचे म्हणून २,८००. मुंबई-ठाणे-पुण्यात खनिजं जमवणारी मंडळी मूठभर, सगळे एकमेकांच्या व्हॉट्सअॅप गटांत असतात, आणि हा माणूस त्याच गटांत फिरतोय. लाजेने मी बरेच दिवस कुणाला काही बोलले नाही. आता बोलते आहे, कारण त्याचं दुकान अजून चालू आहे.

टोकन, घाई, 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे', हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. वीज कापण्याचे मेसेज, केवायसीचे फोन यांना मी कधी दाद दिलेली नाही. आणि मी या छंदात काल-परवा आलेली नाही. माझ्या वडिलांनी कांदिवलीच्या दगडखाणीतलं प्रेहनाइट आणि बॅबिंग्टोनाइट स्वतः जाऊन आणलेलं आहे, कुर्ल्याच्या ओकेनाइटचे पांढरे मऊ गोळे आमच्याकडे अजून कापसात गुंडाळून ठेवलेत. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. रंगवलेलं ओकेनाइट मी लांबून ओळखते. निळं, गुलाबी ओकेनाइट दिसलं की रंगवलंय हे धरूनच चाला, पैसे देऊ नका. मला गाठलं ते दुसऱ्याच वाटेने.

गोम कुठे आहे ते समजून घ्या. कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट यांची रासायनिक घडण अगदी एकच: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाण्याचे चार रेणू. दोन्ही पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, ओवायही धरणाजवळ सापडली आणि १९७३ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. निळा रंग दोन्हींना व्हॅनेडियममुळेच येतो. काठिण्य दोन्हींचं ३ ते ४, घनताही जवळपास सारखी, २.३ च्या आसपास. दोन्हींच्या स्फटिकांची रचनाही एकाच प्रकारची, ऑर्थोऱ्हॉम्बिक (तीन असमान अक्ष एकमेकांना काटकोनात). म्हणजे ओरखडा काढून, पाण्यात वजन करून, रासायनिक चाचणी करून एक दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. फरक आहे तो आतल्या जोडणीत. दोन्हींत सिलिकेटचे पत्रे आहेत, पण कॅव्हनसाइटमध्ये चार-चार आणि आठ-आठ चौफलकांची (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चार तोंडांच्या घटकांची) कडी आहेत, पेंटागोनाइटमध्ये सहा-सहांची. हे डोळ्यांना दिसत नाही, क्ष-किरणांना दिसतं. डोळ्यांना दिसतो तो घाट: कॅव्हनसाइट बहुतेक वेळा कदंबाच्या फुलासारखे गोळे धरून येतं, पेंटागोनाइटची पाती लांब, सुटी, भाल्यासारखी फाकलेली असतात, आणि जुळे स्फटिक असले तर आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. कॅव्हनसाइट वाघोलीतून बऱ्यापैकी बाहेर आलं, जगभरच्या संग्रहांत गेलं. पेंटागोनाइट त्याच खाणींतून आलं, पण फार थोडं. म्हणून किंमत.

आता त्या माणसाची युक्ती लक्षात येईल. कॅव्हनसाइटचे गोळे ठिसूळ. खाणीतून काढताना, टेम्पोत, पॅकिंगमध्ये फुटतात आणि चुरा कवडीमोलाने मिळतो. त्यातली लांब पाती निवडायची, खऱ्या स्टिलबाइटच्या पिसावर फाकवून चिकटवायची, गोंदावर स्टिलबाइटची पूड भुरभुरायची. दगड खरा, निळं खनिज खरं, खाणही खरी. खोटी आहे ती फक्त जोडणी आणि नाव. याच एका गोष्टीने पुढे मला सगळ्या कचेऱ्यांतून परत पाठवलं.

भाव त्याने ६८,००० सांगितला, मी ५४,५०० वर आणला. त्याने फार ताणलंही नाही. दादरला स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलात भेटलो. पीस रुईच्या डब्यात, बोलणं गोड, दर वाक्याला 'ताई'. मी भिंग काढलं तर म्हणाला, "ताई, टोकं बघा टोकं, पाण्यासारखी आहेत," आणि पीस आपल्याच हातात धरून टॉर्च मारत फिरवत राहिला. टोकं खरंच सुंदर होती. बुंधा त्याने बघू दिला नाही. टेबलावर ठेवताना एक निळी कणी बशीत पडली, ती त्याने बोट ओलं करून उचलली आणि म्हणाला, "नाजूक माल आहे." नाजूक असतोच, म्हणून त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पण सर्टिफिकेट! ते मी त्याच टेबलावर चष्मा लावून वाचलं. लॅमिनेट केलेलं, होलोग्रामचं, वर पिसाचा फोटो. त्यात लिहिलं होतं: वर्ग, झिओलाइट. काठिण्य, ५ ते ६. पेंटागोनाइट झिओलाइट नाही. झिओलाइट म्हणजे त्रिमितीय सांगाड्याची सिलिकेटं, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट वगैरे. कॅव्हनसाइट-पेंटागोनाइट पत्र्यांच्या रचनेची, फायलोसिलिकेट. खडकातल्या त्याच पोकळ्यांत, झिओलाइटांच्या अंगावर वाढतात एवढंच. आणि काठिण्य ५-६ म्हणजे जवळपास काचेएवढं. जी प्रयोगशाळा हे खनिज खरोखर तपासेल ती या दोन्ही ओळी लिहूच शकत नाही. माझी नजर 'झिओलाइट' या शब्दावर थांबली होती. मला आजही ती ओळ कागदावर कुठे होती ते आठवतं, फोटोच्या खाली, डावीकडे. आणि मी पुढे गेले. का, तर डेक्कन ट्रॅपमधून, म्हणजे आपल्याकडच्या लाव्हाच्या काळ्या खडकातून, जे काही निघतं त्याला बाजारात सरसकट झिओलाइटच म्हणतात. अॅपोफिलाइटसुद्धा झिओलाइट म्हणून विकतात, तेही झिओलाइट नाही. मोठमोठे व्यापारी बिलावर असंच लिहितात. मग लॅबच्या टायपिस्टने लिहिलं तर त्यात काय, असं कुणालाही वाटलं असतं. सर्टिफिकेटवर वर्ग आणि काठिण्य वाचा, मग फोटो बघा. आणि सर्टिफिकेट विकणाऱ्याने आणलेलं असेल तर ते नाहीच असं समजा.

पैसेही त्याने दोन खात्यांत मागितले. ३०,००० एका नावाने, १८,००० दुसऱ्या. म्हणे, दुसरं खातं क्रशरवाल्याचं, त्याचा हिस्सा थेट जातो. वाघोलीच्या खाणी मुळात रस्त्याच्या खडीसाठी, खनिज हे वरचं उत्पन्न, त्यात कामगार, मुकादम, क्रशर असे वाटे असतात हे मला माहीत होतं. माहिती होती म्हणूनच ते खरं वाटलं. अडाण्याला त्याने हे सांगितलं नसतं.

घरी आल्यावर यूव्ही टॉर्च मारली. पात्यांच्या बुंध्याशी निळसर-पांढऱ्या रेघा उजळल्या, नागमोडी, आणि दोन ठिकाणी ओघळ. भिंगातून त्या रेघांत हवेचे बुडबुडे स्पष्ट दिसले. खनिजात असे गोल बुडबुडे रांगेने येत नाहीत. नेलपेंट काढायचं अॅसिटोन कापसाने लावलं आणि थोड्या वेळात एक पातं अलगद निघून आलं, खाली गोंदाचा चिकट ठिपका आणि पूड. ते पातं ओळखीच्या एका भूविज्ञानाच्या प्राध्यापकांनी दळून क्ष-किरण विवर्तनाला, म्हणजे आतली जोडणी दाखवणाऱ्या क्ष-किरणांच्या चाचणीला, लावलं. कॅव्हनसाइट. काही शंका नाही.

तुटलेला पीस जोडून विकणं हा या धंद्यात गुन्हा नाही. 'रिपेअर आहे' असं सांगून विकतात, घेणारा त्या हिशोबाने भाव देतो. इथे पूर्ण पीसच रचलेला होता. यूव्ही टॉर्च हजार रुपयांच्या आत मिळते. ती नेल्याशिवाय पीस बघायला जाऊ नका, आणि बुंधा दाखवत नसेल तर उठा.

मग सुरू झाली खरी परवड. हॉटेल ज्यांच्या हद्दीत, त्या पोलीस ठाण्यात गेले. ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे जा. मी राहते तिथे गेले, ते म्हणाले, घडलं तिथे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो गुन्ह्याची खबर घ्यायची हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते कलम छापून नेलं. ठाणे अंमलदाराने कागद बाजूला सरकवला आणि विचारलं, "हिरा आहे का?" नाही म्हटलं. "मग राशीचा खडा?" नाही म्हटलं. "मग बाई, दगड घेतला आणि दगडच मिळाला. फसवणूक कुठली?" मी क्ष-किरणांचा आलेख दाखवला. त्याने तो उलटा धरला, शेजारच्याला दाखवला, आणि दोघे हसले. हे हसणं मी विसरणार नाही. एका निवृत्त शिक्षिकेने ५७,३०० रुपये गमावले आहेत, समोर पुरावा आहे, खात्यांची नावं आहेत, फोन नंबर आहे, आणि सरकारी पगार घेणारी माणसं हसतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, त्यात दगड वगळलेले नाहीत. "दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा," एवढं ऐकवून माझा अर्ज फक्त आवक नोंदीत टाकला.

सायबर कक्षाने सांगितलं, समोरासमोर व्यवहार झाला, हे सायबर नाही. पैसे यूपीआयने गेले तरी नाही. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. दोन्ही खाती गोठवता येतील का विचारलं तर, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नाही, मग पत्र कुठलं? एका रत्नपरीक्षण लॅबला फोन केला, त्यांनी सांगितलं, आम्ही सुटे खडे आणि दागिने तपासतो, मॅट्रिक्सवरचे (मूळ दगडाला धरून असलेले) पीस नाही. म्हणजे या राज्याच्या जमिनीतून जगात मोजक्या ठिकाणी मिळणारी खनिजं निघतात आणि घेणाऱ्याने ती तपासायला कुठे न्यायची याचं उत्तर कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. सर्टिफिकेटवरचा नंबर बंद. गटाच्या अॅडमिनला सांगितलं तर 'गटाचं वातावरण बिघडवू नका' म्हणून त्याने मलाच काढलं, त्या माणसाला ठेवलं.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच कळलं, तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी सगळं नंतर. चॅटचे स्क्रीनशॉट ताबडतोब घ्या. माझ्या चॅटमधून त्याने 'पेंटागोनाइट, शंभर टक्के, रिपेअर नाही' हा मेसेज नंतर डिलीट केला. माझ्याकडे तो आहे, कारण मी तो त्याच दिवशी बहिणीला फॉरवर्ड केला होता. बिल मागा, बिलावर खनिजाचं नाव आणि 'रिपेअर नाही' हे शब्द लिहून घ्या. बिल देत नाही म्हणाला तर सौदा तिथेच थांबवा.

ग्राहक आयोगाकडे आता ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. अडचण एकच, समोरच्याचा पत्ता. माझ्याकडे दोन यूपीआय नावं आहेत, ती लावली आहेत. ज्यांना याच माणसाने गंडवलं असेल त्यांनी आपापल्या पावत्यांवरची खात्यांची नावं जुळवून बघा. नावं जुळली तर एकत्र अर्ज करू, मग एका बाईचा दगड म्हणून हसता येणार नाही.

त्याने नंबर बदलला आहे, पण फोटो बदललेला नाही. माझ्याच पिसाचा फोटो नव्या नावाने ७२,००० रुपयांना फिरतो आहे. ओळखायची खूण: स्टिलबाइटचा फिकट पीच रंगाचा तुकडा, उजव्या खालच्या कोपऱ्याला ताजी तूट, मधोमध निळ्या पात्यांचा पंखा आणि सर्वांत डावीकडचं पातं टोकाशी किंचित तुटलेलं. तो पीस माझ्या कपाटात आहे. फोटो दिसला तर त्याच गटात लिहा की पीस आधीच विकला गेलाय आणि बनावट आहे, विकणाऱ्याचा नवा नंबर टिपून ठेवा, आणि टोकनचा एक रुपयाही पाठवू नका.