जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचंय: मिंट, उबंटू की डेबियन?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खान्देशात केळी व्यापाऱ्यांच्या ऑफिसात, जिनिंगमध्ये, कृषी सेवा केंद्रात काउंटरवर असलेले बरेच पीसी विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. कुठे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसतो, कुठे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असतो. मशीन मात्र ठणठणीत असतं, म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या सिस्टीमचा विचार पुढे येतो आणि लगेच विचारणा होते, कोणतं टाकू?

मिंट, उबंटू आणि डेबियन ही लिनक्सचीच तीन रूपं. दिसायला तिन्ही चांगली आहेत, त्यावरून ठरवू नका. मशीन अडलं की किती पावलांत परत उभं राहतं आणि कुणाचं लक्ष नसताना त्याला सुरक्षा अपडेट मिळत राहतात की नाही, या दोन गोष्टींवर ठरवा. थेट सांगायचं तर माणूस रोज समोर बसणार असेल तर मिंट. कोपऱ्यात चोवीस तास चालणारा, फाइली सांभाळणारा डबा असेल तर डेबियन. दोन-तीन वर्षांतला नवा लॅपटॉप असेल तर उबंटू. फक्त एक अपवाद आहे आणि तो या सगळ्यावर भारी पडतो. तुमच्या गावात अडल्यावर धावून येणारा माणूस जे वापरतो, तेच आणि त्याच आवृत्तीचं टाका.

टॅली किंवा आधारच्या अंगठ्याच्या मशीनवर धंदा चालत असेल तर आधी थांबा. टॅली विंडोजसाठीच बनतं. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारा प्रोग्राम) लिनक्सवर चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ते होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीत टाकायच्या. ‘सुडो’ म्हणजे मालकाच्या हक्काने चालवणं, ‘एपीटी’ म्हणजे प्रोग्राम टाकायची-काढायची कमांड, पॅकेज म्हणजे प्रोग्रामचा संच.)

मध्येच लाइट गेली तर

आपल्याकडे ही परीक्षा रोजची. अपडेट चालू असताना वीज गेली तर तिन्हींवर बिघाड एकच होतो. पॅकेज अर्धवट बसतं आणि पुढची प्रत्येक अपडेट अडते. उपायही एकच: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. पडद्यापर्यंत मशीन पोचतच नसेल, तेव्हा मात्र तिघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मिंट आणि उबंटूत सुरू होताना जुन्या बायोसवर (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) शिफ्ट दाबून धरायचं, त्याच्या नव्या रूपावर म्हणजे यूईएफआयवर एस्केप एकदाच दाबायचं (दोनदा दाबलं की लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो). मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून ‘रिकव्हरी मोड’ घ्यायचा. तिथे तयार मेनू मिळतो. ‘एफएससीके’ डिस्क तपासतं, ‘डीपीकेजी’ अर्धवट पॅकेजं सरळ करतं, ‘रूट’ थेट मालकी हक्काचा शेल (कमांड टाइप करायची जागा) देतं.

डेबियनवर असा मेनू नाही. रिकव्हरी मोड सरळ रूटचा (मशीनच्या मालक खात्याचा) पासवर्ड मागतो, आणि इथेच नवखे फसतात. इन्स्टॉल करताना रूट पासवर्डची चौकट रिकामी सोडली असेल तर पहिल्या वापरकर्त्याला सुडो मिळतो, पण रूट खातं कुलूपबंद राहतं. मग रिकव्हरीत गेल्यावर ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ एवढंच दिसू शकतं. चौकट भरली असेल तर उलटं होतं, रिकव्हरी चालते पण पहिल्या वापरकर्त्याकडे सुडो नसतो. डेबियन घेणार असाल तर चौकट रिकामी सोडा, आणि मशीन सुरू झाल्यावर लगेच ‘सुडो पासडब्ल्यूडी रूट’ करून पासवर्ड लावा. दोन्ही दारं उघडी राहतात. तो पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मिंट-उबंटूचा तो सोयीचा मेनू पासवर्ड विचारत नाही. काउंटरमागे दोन मिनिटं एकटा बसलेला कुणीही मशीनचा मालक होऊ शकतो. मशीनवर ग्राहकांचे हिशोब, आधारच्या प्रती असतील तर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही. नंतर करायचं म्हणजे बहुतेक वेळा सगळं पुन्हा टाकणं आलं. एन्क्रिप्ट केलेल्या मांडणीत बूटचा भाग वेगळा आणि लहान असतो. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) साठून तो भरला की अपडेट अडकते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवा.

‘रन एफएससीके मॅन्युअली’ असा संदेश देऊन मशीन इनिट्रॅमएफएसच्या (सुरू होतानाच्या तात्पुरत्या सिस्टीमच्या) प्रॉम्प्टवर थांबलं, तर त्याच संदेशात डिस्कच्या भागाचं नाव असतं. ‘एफएससीके -वाय’ आणि पुढे ते नाव एवढंच लागतं. हेच आठवड्यात दुसऱ्यांदा झालं तर मात्र एफएससीके करत बसू नका. मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, ‘स्मार्टमोनटूल्स’ टाका आणि ‘स्मार्टसीटीएल -ए’ ने हार्ड डिस्कची तब्येत पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ समोर शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर आधी फाइली दुसरीकडे उतरवा. मरत्या डिस्कवर दुरुस्ती चालवली तर उरलासुरला डेटाही जातो. पीसीपुरता ६०० व्हीएचा यूपीएस त्या डेटापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.

टाइमशिफ्ट मिंटमध्ये तयार येतं, बाकी दोघांवर एपीटीने टाकावं लागतं. अपडेटआधीची स्थिती परत आणायला ते उत्तम आहे. पण मूळ मांडणीत ते घरच्या फोल्डरमधल्या फाइली घेत नाही, म्हणजे तुमच्या बिलांचा बॅकअप त्यात नाही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पेनड्राइव्हवरही ते साठवत नाही, ईएक्सटी४ सारखी लिनक्सची डिस्क लागते.

अपडेट आपोआप की हाताने

उबंटूवर सुरक्षा अपडेट पहिल्या दिवसापासून आपोआप बसतात. मिंट फक्त खाली ढालीचं चिन्ह दाखवतं, दाबायचं तुम्हाला. अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यांमध्ये ‘ऑटोमेशन’ मध्ये जाऊन ते चालू करा. मिंट बसवल्यावरचं हे पहिलं काम, कारण काउंटरवर गर्दी असताना ढालीकडे कुणी बघत नाही. डेबियनवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ पॅकेज आहे का ते तपासा, नसेल तर टाका. नवा कर्नल बसला तरी मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. दुकानाचा पीसी रात्री बंदच होतो, त्यामुळे अडचण नाही. चोवीस तास चालणाऱ्या डब्याला मात्र रीस्टार्टची वेळ सेटिंगमध्ये द्यावी लागते.

सकाळी दुकान उघडून मशीन लावलं आणि काही टाकायला गेलात तर ‘कुड नॉट गेट लॉक’ असा नकार येतो. रात्री चुकलेली अपडेट तेव्हा चालू असते. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसा असा सल्ला कुणी दिला तरी पुसू नका, पॅकेजांची नोंदवही बिघडते.

आता मुदत. उबंटू २४.०४ ला आणि त्यावर बेतलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत पाठिंबा आहे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्याची पूर्ण देखभाल २०२८ पर्यंत आणि एलटीएस (वाढीव पाठिंबा) २०३० पर्यंत. वर्षांचा फरक किरकोळ आहे, खरा फरक व्याप्तीत आहे. उबंटूत ‘मेन’ विभागाची हमी कंपनी घेते. व्हीएलसीसारखी हजारो पॅकेजं ‘युनिव्हर्स’ मध्ये असतात आणि त्यांच्या हमखास सुरक्षा दुरुस्त्यांसाठी उबंटू प्रो जोडावं लागतं, जे वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत फुकट आहे. डेबियनमध्ये असा भेद नाही. मोजके अपवाद सोडले तर सगळं एकाच सुरक्षा चमूकडे आहे. कोपऱ्यातल्या डब्यासाठी डेबियन सुचवण्याचं मोठं कारण हेच.

फेडोरा या आणखी एका लिनक्सबद्दल थोडक्यात. सुरक्षेची मूळ मांडणी चांगली, एसईलिनक्स (प्रोग्रामवर बंधनं घालणारी सुरक्षा) पहिल्यापासून चालू. पण एक आवृत्ती साधारण १३ महिनेच टिकते, आणि दुकानात दरवर्षी मोठी उलथापालथ कोण करणार? नव्याच्या मागे धावण्याचा धोकाही एकदा साऱ्या जगाने पाहिला. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. डेबियनच्या टेस्टिंग शाखेत आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत ते पोचलं होतं, डेबियन स्टेबलमध्ये नव्हतं.

फायरवॉल आणि एसएसएच

मिंट आणि उबंटूत यूएफडब्ल्यू (फायरवॉल सांभाळणारं साधन) असतं पण बंद. मिंटच्या मेनूत ‘फायरवॉल’ नावाचं साधं बटण आहे, बिलिंगच्या पीसीला तेवढं पुरतं. डेबियनवर यूएफडब्ल्यू वेगळं टाकावं लागतं. दुरून एसएसएचने काम करत असाल तर क्रम पाळा: आधी ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट २२’ (तुमच्या राउटरचा पट्टा वेगळा असेल तर तो घाला), मगच ‘सुडो यूएफडब्ल्यू इनेबल’. उलट केलंत तर स्वतःच बाहेर राहाल. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू अडवत नाही, डॉकर आपले नियम थेट कर्नलमध्ये घालतं.

पासवर्डऐवजी किल्लीने (खास फाइलीने) लॉगिन हाच एसएसएचचा खरा बंदोबस्त. उबंटू सर्व्हरवर इथे एक चकवा आहे. मुख्य फाइलीत ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलं तरी पासवर्ड चालूच राहू शकतो, कारण ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधली ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ आधी वाचली जाते आणि पहिलं मूल्य तेच अंतिम ठरतं. फाइल वाचून खात्री मानू नका, ‘सुडो एसएसएचडी -टी’ (इंग्रजी मोठा टी) चालवून प्रत्यक्ष लागू असलेलं मूल्य पाहा. आणि बदल करताना जुनं लॉगिन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघा.

डेबियन १२ चा चकवा फेल२बॅनमध्ये (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं साधन) आहे. ते जुन्या सवयीने ‘ऑथ.लॉग’ शोधतं, पण तिथे नोंदी फक्त जर्नलमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) जातात. सर्व्हिस सुरूच होत नसेल तर सेटिंगमध्ये ‘बॅकएंड = सिस्टमडी’ द्या आणि ‘पायथन३-सिस्टमडी’ पॅकेज टाका.

भुईकाटा, प्रिंटर, वायफाय

केळीची गाडी काट्यावर उभी आहे आणि पडद्यावर वजन येत नाही, हा प्रसंग लिनक्सवर पीसी नेल्यानंतर हमखास येतो. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ ने बोलतो, पीसीला ९ पिनांचा पोर्ट नसतो म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर येतो, बहुधा स्वस्त सीएच३४० चिपचा. ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ (रोमनमध्ये dmesg) चालू ठेवून कन्व्हर्टर लावा. ‘टीटीवाययूएसबी०’ जोडलं गेल्याची ओळ येते आणि लगेच तुटल्याची. वरच्या ओळीत ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसलं तर चोर सापडला. हे अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठीचं पॅकेज आहे आणि ते याच चिपला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेतं. उबंटू २२.०४ वर हा त्रास ठळक आहे. मशीनवर ब्रेल पट्टी वापरली जात नसेल तर ‘सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’.

त्यानंतर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात घालायचा राहिला आहे: ‘सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट’ (‘ए’ लहान, ‘जी’ मोठा), पुढे नाव, मग लॉगआउट करून परत लॉगिन. त्यातला ‘ए’ विसरलात तर माणूस बाकी सगळ्या गटांतून बाहेर पडतो, सुडोमधूनही. चमोड ७७७ (सगळ्यांना पूर्ण परवानगी देणारी कमांड) चा सल्ला कुणी दिला तर तो निरुपयोगी आहे, वायर काढून लावली की परवानग्या पूर्ववत होतात. एवढं करूनही अक्षरं विचित्र आली तर बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) जुळत नाही, इंडिकेटरवरचा २४०० की ९६०० ते पाहा.

प्रिंटरच्या बाबतीत तिघांत फरक नाही, प्रिंटरवरच सगळं अवलंबून. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट ही स्वतःची भाषा बोलतो, लिनक्सची छपाई सांभाळणाऱ्या कप्सला ती येत नाही, त्यामुळे लिनक्सवर तो त्रासच देतो. एचपीच्या काही लहान लेझरना ‘एचपी-प्लगइन’ लागतं आणि एचपीलिप (एचपीचा लिनक्स ड्रायव्हर) अपडेट झालं की ते पुन्हा उतरवावं लागतं. वायफाय ओळखलं नाही तर अँड्रॉइड फोन वायरने लावून यूएसबी टेदरिंग करा, बहुतेक वेळा ते ड्रायव्हरशिवाय चालतं आणि मग खरा ड्रायव्हर उतरवता येतो. खूप जुन्या ३२ बिट मशीनला मात्र उबंटू आणि मिंटची नेहमीची आवृत्ती चालतच नाही. डेबियन १३ नेही ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियन १२ शेवटचं.

मदत मागताना

उबंटूची उत्तरं सर्वात जास्त मिळतात आणि बहुतेक मिंटलाही लागू पडतात, स्नॅपची (उबंटूची प्रोग्राम टाकायची वेगळी पद्धत) उत्तरं सोडून, कारण मिंटने स्नॅप बंद ठेवलं आहे. डेबियनवर उबंटूची पीपीए (बाहेरच्यांनी ठेवलेली पॅकेजांची भांडारं) कधीही जोडू नका. लायब्ररींच्या आवृत्त्या एकमेकींत गुंततात आणि पुढची मोठी अपडेट मोडते. कुठलंही उत्तर घेताना ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते आधी बघा.

विचारताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. आवृत्ती, ‘इन्क्सी -एफएक्सएक्सएक्सझेड’ (‘एफ’ मोठा, बाकी लहान) चं उत्तर आणि ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ च्या ओळी द्या. त्या ‘झेड’ मुळे सिरियल नंबर आणि नेटवर्कचे पत्ते झाकले जातात, तो गाळू नका. मिंटमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ चं बटण हीच माहिती कॉपी करून देतं, कमांड न येणाऱ्यालाही जमतं. पडद्याचा फोटो काढण्यापेक्षा मजकूर कॉपी करा, आणि पाठवण्याआधी त्यात वायफायचा पासवर्ड किंवा ग्राहकाचं नाव राहिलं का ते वाचा. उलट बाजूने आलेली कमांड ‘कर्ल’ ने काहीतरी उतरवून थेट ‘सुडो बॅश’ ला देत असेल तर चालवू नका. आधी फाइल उतरवा, उघडा, त्यात काय आहे ते समजून घ्या किंवा जाणत्याला दाखवा.

निवड झाली तरी डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून मशीन लाइव्ह (डिस्कवर काही न टाकता) चालवा. काटा लावा, एक पान छापा, वायफाय जोडा, युनिकोड मराठीत एक बिल टाइप करून बघा. अर्धा तास लागतो. एखादी गोष्ट इथेच अडली तर तीच गोष्ट दुसऱ्या पेनड्राइव्हवरून, दुसऱ्या लिनक्सवर तपासा.